दारूच्या व्यसनातून पुन्हा पुन्हा घरफोडी करणाऱ्या आरोपीच्या शिक्षेची सुनावणी : तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

घरफोडीच्या खटल्यात आरोपी दोषी ठरतो. शिक्षेबाबत काही सांगायचे आहे का, असे न्यायाधीश विचारतात. बचावाचे वकील ‘आरोपी गरीब आहे, मजुरी करतो, दारूच्या व्यसनापायी हातून घडले, दया दाखवावी’ एवढे बोलून खाली बसतात, तर सरकारी वकील ‘आरोपी सराईत आहे, कमाल शिक्षा द्यावी’ एवढेच म्हणतात. एका माणसाची पुढची दोन-तीन वर्षे आणि लुटल्या गेलेल्या एका घराची भरपाई हा विषय पाच मिनिटांत उरकला जातो. विदर्भातल्या तालुका न्यायालयांत हे इतक्या वेळा घडते की शिक्षेची सुनावणी हा खटल्याचा स्वतंत्र टप्पा आहे आणि त्याची तयारी आधीपासून करावी लागते, हेच बहुतेकांच्या लक्षात राहिलेले नाही.

हा लेख नव्याने काम सुरू केलेले वकील, विधी सेवा प्राधिकरणाकडून नेमणूक झालेले बचाव वकील आणि सरकारी वकील या तिघांसाठी आहे. आरोपीच्या किंवा फिर्यादीच्या घरच्यांनाही त्यातून आपल्या वकिलाला काय विचारावे हे कळेल. दारूचा उल्लेख नुसता तोंडी केला तर तो दोन्ही बाजूंनी कापतो, कारण ‘व्यसनामुळे केले’ याचाच अर्थ ‘व्यसन आहे तोवर पुन्हा करील’ असाही होतो. म्हणून दारूचा संबंध कागदाने सिद्ध करणे, त्या विशिष्ट घटनेशी जोडणे आणि त्यावर पुढे काय करायचे याची योजना न्यायालयापुढे ठेवणे, ही तिन्ही कामे झाल्याशिवाय तो मुद्दा काढू नये.

टप्पा १ : कायदा, कलम आणि न्यायालयाचा अधिकार निश्चित करा

सर्वांत आधी गुन्ह्याची तारीख पाहावी. घटना १ जुलै २०२४ रोजी किंवा त्यानंतर घडली असेल तर भारतीय न्याय संहिता लागू होते. त्याआधीची असेल तर खटला आज चालत असला तरी शिक्षा जुन्या भारतीय दंड संहितेप्रमाणेच होते. चोरीसाठी दिवसा घर फोडले असेल तर न्याय संहितेचे कलम ३३१(३) (जुने ४५४) लागते आणि कमाल शिक्षा दहा वर्षांची आहे. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी फोडले असेल तर कलम ३३१(४) (जुने ४५७) लागते आणि कमाल चौदा वर्षे होते. घरातून चोरी केल्याचे कलम ३०५ (जुने ३८०) वेगळे असून त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे.

आपल्या भागात वेळेचा प्रश्न वारंवार येतो. कापूस वेचणीच्या दिवसांत घरातली सगळी माणसे शेतावर असतात, दाराला कुलूप असते आणि अंधार पडता पडता परत आल्यावर कोंडा तुटलेला दिसतो. फिर्यादीत ‘सायंकाळी पाच ते साडेसहाच्या दरम्यान’ असे लिहिले जाते. डिसेंबरात इकडे साडेपाच-पावणेसहालाच सूर्य मावळतो. म्हणजे या एका ओळीत दहा वर्षांचे कलम आणि चौदा वर्षांचे कलम दोन्ही मावतात. घटना नेमकी सूर्यास्तानंतरची होती हे पुराव्यात आले आहे का, हे निकालाची वाट न पाहता आधीच तपासावे.

कलमात चौदा वर्षे लिहिली आहेत म्हणून समोरचे न्यायालय तेवढी शिक्षा देऊ शकते असे नाही. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांपर्यंत आणि मुख्य न्यायदंडाधिकारी सात वर्षांपर्यंत कैद देऊ शकतात. आपल्या अधिकारातली शिक्षा अपुरी पडेल असे न्यायदंडाधिकाऱ्यांना वाटले तर ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (खटल्याच्या कार्यपद्धतीचा, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम ३६४ (जुने ३२५) खाली प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. मालमत्तेच्या गुन्ह्यात पूर्वी शिक्षा झालेल्या आरोपीसाठी कलम ३६३ (जुने ३२४) ही वेगळी तरतूद आहे.

तपासा : दोषारोपात लिहिलेले कलम, पुराव्यात आलेली वेळ आणि न्यायालयाचा अधिकार या तीन गोष्टी एका कागदावर शेजारी शेजारी लिहून काढा. त्या जुळत नसतील तर पुढच्या टप्प्यांना अर्थ नाही.

टप्पा २ : पूर्वीच्या शिक्षा मोजा, पूर्वीचे गुन्हे नव्हे

सर्वाधिक चुका येथे होतात, म्हणून येथे वेळ घालवावा.

समजा, पोलीस ठाण्याने दोषारोपपत्रासोबत दिलेल्या पूर्वइतिहासाच्या तक्त्यात आठ गुन्हे आहेत. एकेक ओळ तपासली की चित्र बदलते : तीन खटले अजून प्रलंबित आहेत, दोनांत आरोपी निर्दोष सुटला आहे आणि एक प्रकरण दारूबंदी कायद्याखालचे असून त्यात फक्त दंड झाला आहे. उरतात दोन, एक जुन्या कलम ३७९ खालचे आणि दुसरे ३८० खालचे. पूर्वदोषसिद्धी म्हणून मोजायची ती एवढ्याच दोनांची. ‘आरोपीवर आठ गुन्हे आहेत’ हे वाक्य खोटे नसले तरी शिक्षा ठरवताना ते दिशाभूल करते. सरकारी वकिलांनीही ते टाळावे, कारण अपिलात नेमके तेच वाक्य निकालाला पांगळे करते.

या दोन शिक्षा सिद्ध करायची पद्धत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३४ (जुने २९८) मध्ये दिली आहे. त्यासाठी संबंधित न्यायालयाच्या अभिलेखाचा प्रमाणित उतारा लागतो, किंवा कारागृह अधिकाऱ्याच्या सहीचा दाखला अथवा ज्या वॉरंटखाली शिक्षा भोगली ते वॉरंट लागते. शिवाय तेव्हा शिक्षा झालेला माणूस हाच आहे, याचा पुरावा स्वतंत्रपणे द्यावा लागतो. गावात एकाच नावाची, अगदी बापाचे नावही सारखे असलेली दोन माणसे निघणे अवघड नाही. त्यामुळे बोटांच्या ठशांचा अहवाल, किंवा त्या वेळच्या खटल्याशी संबंधित पोलीस कर्मचाऱ्याची साक्ष उपयोगी पडते. ठाण्याच्या संगणकातून काढलेली छापील यादी हा प्रमाणित उतारा नव्हे. नक्कल मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज पुरावा सुरू असतानाच द्यावा.

वाढीव शिक्षा मागायची असेल तर पूर्वीच्या शिक्षेची बाब, तारीख आणि ठिकाण दोषारोपात आलेले असले पाहिजे. ते राहून गेले असेल तर शिक्षा सुनावण्यापूर्वी केव्हाही घालता येते (कलम २३४(७), जुने २११(७)). मात्र दोषारोपाचा हा भाग आरोपी प्रस्तुत गुन्ह्यात दोषी ठरेपर्यंत त्याला वाचून दाखवायचा नाही, त्याबद्दल विचारायचे नाही आणि पुराव्यातही आणायचा नाही (कलम २७१(३), जुने २४८(३)). तपास अधिकारी साक्ष देताना ‘आरोपी रेकॉर्डवरचा आहे’ असे सहज बोलून जातात. बचावाच्या वकिलांनी त्या क्षणी हरकत घेऊन ती नोंदवून घेतली पाहिजे.

न्याय संहितेच्या कलम १३ (जुने ७५) प्रमाणे मालमत्तेविरुद्धच्या प्रकरणातील तीन वर्षे किंवा अधिक कैदेच्या गुन्ह्यात एकदा शिक्षा झालेल्या माणसाने पुन्हा तसाच गुन्हा केला तर जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलमाचे शब्द मात्र ‘या संहितेच्या’ प्रकरणांविषयी बोलतात. आधीची शिक्षा जुन्या दंड संहितेखालची असेल तर हा मुद्दा बचाव पक्षाने लेखी मांडावा आणि सरकारी वकिलांनी त्याचे उत्तर तयार ठेवावे. तसेच कलम ३०३(२) मधील दुसऱ्या दोषसिद्धीसाठीची किमान एक वर्षाची सक्तमजुरी ही ‘या कलमाखाली’ पुन्हा दोषी ठरणाऱ्यासाठी आहे. घरातील चोरीच्या कलम ३०५ ला ती आपोआप लावता येत नाही.

सावध राहा : कोठडीत काही महिने काढलेल्या आरोपीला ‘कबूल कर, भोगलेल्या दिवसांत सुटशील’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो सुटतो हे खरे, पण त्याच्या नावावर एक दोषसिद्धी कायमची बसते आणि पुढच्या खटल्यात वाढीव शिक्षेची पायरी तीच बनते. दारूच्या आहारी गेलेला माणूस लवकर बाहेर पडण्याच्या घाईत असतो, त्याला पुढचे दिसत नाही. कबुली द्यायची की नाही हा निर्णय त्याचा आहे, परंतु हा परिणाम त्याला त्याच्या भाषेत, नातेवाइकांसमोर समजावून सांगणे हे वकिलाचे कर्तव्य आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो. अमरावती, अकोला, यवतमाळ या पट्ट्यात आरोपी फासेपारधी असला की कागदावर ‘सराईत’ हा शब्द आधी येतो आणि पुरावा मागून. अशा जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला आहे. कारागृहांतील जातिभेदाबाबत ऑक्टोबर २०२४ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सराईत गुन्हेगाराची व्याख्या त्या त्या राज्याच्या कायद्याप्रमाणेच घ्यावी, असे बजावले आणि भटक्या-विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये अशी ताकीदही दिली. समाजाचे नाव हा पूर्वइतिहास होऊ शकत नाही. तसे काही तक्त्यात दिसले तर लेखी हरकत घ्या.

टप्पा ३ : दारूचा संबंध नेमका कोणता, ते ठरवा

‘दारूमुळे’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात आणि शिक्षेवर त्यांचा परिणाम सारखा नसतो.

पहिली, घर फोडताना आरोपी नशेत होता. स्वतःहून घेतलेली नशा हा बचाव होत नाही. न्याय संहितेच्या कलम २४ (जुने ८६) नुसार अशा माणसाला शुद्धीवर असताना जेवढी जाणीव असती तेवढी होती असेच धरले जाते, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९५६ सालच्या बासदेव खटल्यात हे तत्त्व तपशीलवार सांगितले आहे. शिक्षेच्या टप्प्यावर याचा थोडाफार उपयोग होतो तो कृत्य आयत्या वेळचे, योजनेशिवायचे होते हे दाखवण्यापुरता. पण पंचनाम्यात लोखंडी टॉमी जप्त झाली असेल आणि घरमालक लग्नाला गेलेले पाहूनच ते घर निवडले असेल, तर ‘नशेत भान नव्हते’ हे म्हणणे टिकत नाही. उलट सांगणाऱ्याच्या बाकीच्या म्हणण्यावरचाही विश्वास उडतो.

दुसरी, दारूसाठी पैसे हवे म्हणून चोरी केली. हे बहुतेक वेळा चोरलेल्या वस्तूंवरूनच कळते. घरात सोन्याचे मणी असताना तांब्याचा गुंड (पाण्याचे भांडे), दोन पितळी पराती आणि डब्यातले सुटे पैसे एवढेच नेले आणि तो गुंड दुसऱ्याच दिवशी गावाजवळच्या गुत्त्यावरून हस्तगत झाला, तर निवेदन पंचनामा (आरोपीने सांगितल्यावरून वस्तू सापडल्याचा पंचनामा) स्वतःच बोलका असतो. असा कागद बचावाच्या वकिलांनी नुसता ‘अभिलेखावर आहे’ म्हणून सोडून न देता पान क्रमांकासह वाचून दाखवावा.

तिसरी, व्यसन हा आजार म्हणून अनेक वर्षे आहे आणि मागच्या प्रत्येक गुन्ह्याच्या वेळी तो होता. शिक्षेच्या दृष्टीने हा मुद्दा सर्वांत वजनदार आहे, कारण त्यावर उपाय सांगता येतो. मात्र तो सिद्ध करायलाही सर्वांत जास्त कष्ट लागतात. आधीच्या निकालांच्या नकला काढून त्यांत दारूचा उल्लेख आहे का ते पाहा. अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीचा कागद (नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५३, जुने ५४) मागवा. हात थरथरणे, तोंडाला वास, घाम, यकृताला सूज अशा नोंदी त्यात सापडतात. ग्रामीण रुग्णालयातले जुने केसपेपर, पत्नीने पूर्वी ठाण्यात दिलेल्या तक्रारी, पोलीस पाटलांची माहिती हे सगळे गोळा करा. दारू सुटलेल्या काळात चोरी झाली नाही, असा एखादा सलग काळ दाखवता आला तर व्यसन आणि गुन्हा यांचा संबंध त्याहून चांगल्या रीतीने सिद्ध होत नाही.

सावध राहा : वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे आणि महाराष्ट्र दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारू पिणे हा राज्यभर गुन्हाच आहे. म्हणून आरोपीच्या तोंडी ‘मी रोज पितो’ असे कबुलीवजा निवेदन देण्यापेक्षा वैद्यकीय कागदांच्या आधारे निदान मांडणे अधिक सुरक्षित असते.

टप्पा ४ : वैद्यकीय मूल्यमापन वेळेत करून घ्या

रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू अटकेमुळे एकदम बंद होते. सहा ते चोवीस तासांत थरथर, मळमळ आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम, भास, ताप अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. कोठडीतल्या आरोपीला ‘नाटक करतो’ म्हणून सोडून देऊ नये, ताबडतोब रुग्णालयात न्यावे. वकिलांनी पहिल्याच रिमांडच्या वेळी तसा अर्ज द्यावा. त्यातून तयार होणारे उपचाराचे कागद पुढे शिक्षेच्या सुनावणीत सर्वांत विश्वासार्ह ठरतात, कारण तेव्हा शिक्षेतून सूट मिळवण्याचा हेतू कुणाच्या मनात नसतो.

नंतर मानसोपचारतज्ज्ञांकडून रीतसर अहवाल घ्यावा. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात असे तज्ज्ञ कायम असतीलच असे नाही, म्हणून जिल्हा रुग्णालय, यवतमाळ किंवा नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय यांपैकी जे जवळ असेल तेथे पाठवण्याची विनंती करावी. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची प्रश्नावली सर्वत्र वापरली जाते. तीत चाळीसपैकी आठ किंवा अधिक गुण धोक्याचे पिणे आणि वीस किंवा अधिक गुण बहुधा व्यसनाधीनता दाखवतात. मात्र प्रश्न मुख्यतः मागील वर्षाबद्दल असतात. आरोपी वर्षभर कारागृहात असेल तर गुण आपोआप कमी येतात, त्यामुळे अटकेपूर्वीच्या काळाविषयी वेगळे मत नोंदवावे, असे पत्रातच लिहावे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक स्थितींचा मानसिक आजारात समावेश आहे, हेही अर्जात नमूद करावे.

तपासा : अहवालात निदान, किती काळापासून, कोणता उपचार, किती महिने आणि कुठे, या पाचही गोष्टी आहेत का? ‘मद्यपानाची सवय आहे’ अशा एका ओळीच्या दाखल्याचा काही उपयोग नाही.

टप्पा ५ : ज्यांचे घर फुटले, त्यांचे नुकसान मोजा

बचाव पक्ष हा भाग टाळतो आणि सरकारी पक्ष विसरतो. चोरीला गेलेले बारा हजार रुपये कागदावर छोटे दिसतात, पण ते कापसाच्या चुकाऱ्याचे असतील आणि त्यातूनच हरभऱ्याचे बियाणे यायचे असेल, तर त्या घराचा हंगामच बुडालेला असतो. फिर्यादीने साक्षीत हे सांगितले नसेल तर सरकारी वकिलांनी शिक्षेच्या सुनावणीआधी त्याच्याकडून लेखी निवेदन घ्यावे. तुटलेला दरवाजा, गेलेली रोजी, कोर्टात येण्या-जाण्याचा खर्च हेही त्यात यावे.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ (जुने ३५७) खाली भरपाईचा विचार करणे न्यायालयाच्या मर्जीवर सोडलेले नाही. भरपाई द्यायची की नाही याचा विचार करून कारणे नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच अंकुश गायकवाड खटल्यात सांगितले आहे. आरोपीकडे शेत नाही, मजुरीच आहे, म्हणून भरपाई अशक्य असे समजू नये. हप्ते पाडून देता येतात. परत मिळालेली भांडी आणि दागिने फिर्यादीला देण्याचा आदेश निकालात स्पष्ट आला पाहिजे, नाहीतर तो मुद्देमाल वर्षानुवर्षे मालखान्यात पडून राहतो.

टप्पा ६ : काय मागायचे, ते ठरवा

अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ म्हणजे वकील मंडळींचा ‘प्रोबेशनचा कायदा’, दोषी ठरलेल्याला कैदेऐवजी ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याचा. त्याच्या कलम ३ चा ताकीद देऊन सोडण्याचा मार्ग पूर्वी शिक्षा झालेल्याला मिळत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०१ (जुने ३६०) चेही तसेच आहे. पण परिवीक्षा कायद्याच्या कलम ४ मध्ये तशी अट नाही. मृत्युदंड किंवा जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात, परिस्थिती व आरोपीचा स्वभाव पाहून, पूर्वी शिक्षा झालेल्यालाही बंधपत्रावर सोडता येते. ‘दुसऱ्यांदा आहे म्हणून प्रोबेशन नाही’ हे बार रूममध्ये ऐकू येणारे विधान म्हणूनच चुकीचे आहे. मात्र वाढीव शिक्षेचे कलम दोषारोपात असेल आणि त्यात जन्मठेप येत असेल, तर हा मार्ग बंद असल्याचा युक्तिवाद होऊ शकतो. म्हणून टप्पा २ मधले काम आधी करायचे असते. आरोपी एकवीस वर्षांखालचा असेल तर कलम ६ स्वतंत्रपणे वाचावे, तेथे कैद देण्यासाठीच कारणे द्यावी लागतात.

तरीही माझे मत असे की प्रत्येक प्रकरणात प्रोबेशन मागू नये. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना धमकावून झालेली किंवा टोळीने केलेली घरफोडी असेल, मागच्या बंधपत्राच्या अटी मोडलेल्या असतील, तर ती मागणी बाकीच्या योग्य मागण्याही घेऊन बुडते. अशा वेळी मर्यादित मुदतीची कैद, कारागृहात उपचाराची शिफारस आणि भरपाईचे हप्ते अशी मागणी अधिक प्रामाणिक आणि परिणामकारक असते. उलट एक-दोनच जुन्या शिक्षा, किरकोळ माल, हिंसा नाही, व्यसनाचा ठोस अहवाल आणि घरी सांभाळणारे कुणी, असे चित्र असेल तर कलम ४ साठी नेटाने भांडावे.

नव्या कायद्यातल्या समाजसेवेच्या शिक्षेची मागणीही अशा प्रकरणांत केली जाते. चोरीसाठी ती पाच हजार रुपयांखालील माल, पहिलीच दोषसिद्धी आणि माल किंवा किंमत परत केली असेल तरच आहे. येथे ती बसत नाही.

टप्पा ७ : अटी पाळता येतील अशा लिहा

परिवीक्षा कायद्याच्या कलम ४(४) मध्ये राहण्याचे ठिकाण आणि मादक पदार्थांपासून दूर राहणे या अटी घालण्याचा अधिकार नावानिशी दिलेला आहे. इतकी थेट तरतूद असताना प्रत्यक्षात बंधपत्रावर ‘चांगली वर्तणूक ठेवावी’ एवढेच छापील वाक्य असते, ही खेदाची गोष्ट आहे.

‘दारू पिऊ नये’ ही अटही एकटी निरुपयोगी आहे, कारण ती पाळली का हे कुणी तपासत नाही आणि व्यसनातून बाहेर पडताना एखादवेळी घसरण होणे वैद्यकीयदृष्ट्या अपेक्षितच असते. त्याऐवजी पुढीलप्रमाणे सुचवावे : जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात महिन्यातून एकदा हजर राहून उपचार-कार्डावर शिक्का घ्यावा, ते कार्ड परिवीक्षा अधिकाऱ्यांना दाखवावे, अमुक नातेवाइकाच्या घरी राहावे, गाव सोडण्यापूर्वी कळवावे, भरपाईचा हप्ता ठरलेल्या तारखेला न्यायालयात भरावा. तारीख ठरवताना एसटीची वेळ, भाडे आणि बुडणारी मजुरी यांचा विचार करा. गडचिरोलीच्या दुर्गम गावातल्या माणसाला दर आठवड्याला जिल्ह्याला बोलावणे म्हणजे अट मोडायला लावणेच आहे.

परिवीक्षा अधिकाऱ्यांचा अहवाल कलम ४(२) प्रमाणे विचारात घ्यावा लागतो. त्यांच्याकडे जिल्ह्याचा मोठा पसारा असतो, म्हणून आरोपीच्या घरचा पत्ता, फोन क्रमांक आणि कुणाला भेटावे हे वकिलांनी आपणहून लिहून द्यावे. देखरेखीचा काळ किमान एक वर्ष असतो आणि बंधपत्र तीन वर्षांपर्यंतचे असू शकते.

सावध राहा : खासगी व्यसनमुक्ती केंद्राचे नाव सुचवण्यापूर्वी ते २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणीकृत आहे का ते पाहा. माळ घालून किंवा देवाची शपथ घेऊन दारू सोडलेली माणसे आपल्या गावांत आहेत आणि त्या आधाराची किंमत कमी नाही, पण न्यायालयाला तपासता येईल अशी अट ती होऊ शकत नाही. ती उपचाराच्या जोडीला असू द्यावी.

टप्पा ८ : सुनावणीच्या दिवशीचा क्रम

दोषी ठरवल्याच्या क्षणी कागद तयार नसतील तर वेळ मागा. आरोपीला शिक्षेबाबत ऐकून घेणे ही औपचारिकता नाही, त्याला पुरावा देण्याची खरी संधी मिळाली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या सांता सिंग खटल्यापासून सांगितले आहे.

दोन पानांचे लेखी टिपण द्या. त्यात आधी लागू कलमे आणि अधिकार, मग सिद्ध झालेल्या पूर्वदोषसिद्धी, मग या घटनेचे गांभीर्य, मग फिर्यादीचे नुकसान, त्यानंतर दारूचा संबंध व अहवाल आणि शेवटी नेमकी मागणी यावी. दारूचा मुद्दा पाचव्या क्रमांकावर मुद्दाम ठेवला आहे. फिर्यादीच्या नुकसानीआधी व्यसनाचे रडगाणे आले की ऐकणाऱ्याचे मन मिटते. सरकारी वकिलांनीही याच क्रमाने बोलावे आणि कमाल शिक्षा का, याची दोन तरी ठोस कारणे द्यावीत.

परिवीक्षा कायद्याचा लाभ देता येत असताना न्यायालयाने तो नाकारला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०२ (जुने ३६१) प्रमाणे विशेष कारणे नोंदवावी लागतात. टिपणाच्या शेवटी या कलमाचा उल्लेख आदराने, पण न विसरता करा.

टप्पा ९ : दिवसांचा हिशेब

कच्च्या कैदेचे, म्हणजे निकालाआधी कोठडीत काढलेले दिवस त्याच संहितेच्या कलम ४६८ (जुने ४२८) खाली वजा होतात, परंतु ते याच प्रकरणातले असावे लागतात. आरोपी एका गुन्ह्यात आत असताना दुसऱ्या गुन्ह्यात त्याची अटक नंतर दाखवली जाते. अशा वेळी कारागृहात गेल्याची नव्हे, तर या प्रकरणात अटक दाखवल्याची तारीख धरावी. ती रिमांडच्या कागदावरून उतरवून निकालात लिहिली जाईल याची खात्री करा.

अनेक घरफोड्यांचे खटले एकामागून एक निकाली निघतात तेव्हा दुसरी शिक्षा पहिली संपल्यावरच सुरू होते. न्यायालयाने ती सोबत भोगण्याचा स्पष्ट आदेश दिला तरच नियम बदलतो (कलम ४६७, जुने ४२७). हा आदेश प्रत्येक निकालात मागावा लागतो, आधीच्या निकालात मिळाला म्हणून पुढच्यात आपोआप येत नाही.

दंडाकडे तर कुणीच पाहत नाही. दंड न भरल्याबद्दलची कैद ही मूळ कैदेव्यतिरिक्त असते. समजा, चार प्रकरणांत प्रत्येकी तीन हजार दंड आणि न भरल्यास एक महिना साधी कैद झाली. मुख्य शिक्षा सोबत भोगायच्या असल्या तरी पैसे नसलेला माणूस आणखी चार महिने आत राहतो. म्हणून दंड किती आणि न भरल्यास किती, यावर स्वतंत्रपणे बोला. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना दंडाऐवजी नऊ महिन्यांपेक्षा जास्त कैद देता येत नाही, हेही तपासा.

टप्पा १० : निकालानंतर

कैद झाली तर निकालाची प्रत आरोपीला लगेच विनामूल्य मिळते, ती त्याच्या हातात पडल्याची खात्री करा. सत्र न्यायालयात अपिलाची मुदत तीस दिवस आहे. आरोपी जामिनावर होता आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल तर अपील दाखल करण्यापुरती ती त्याच न्यायालयाकडून स्थगित करून घेता येते. गुन्हा कबूल केला असेल तर अपील फक्त शिक्षेचे प्रमाण आणि वैधता यावरच चालते.

मानसोपचारतज्ज्ञांच्या अहवालाची आणि चालू औषधांच्या चिठ्ठीची प्रत वॉरंटसोबत कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवावी, असा आदेश त्याच दिवशी मागा. नंतर अर्ज करण्यात आठवडे जातात. घरच्यांना व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक १४४४६ लिहून द्या आणि सुटकेच्या तारखेच्या महिनाभर आधी रुग्णालयाची भेट ठरवायला सांगा. फिर्यादीलाही मुद्देमाल परत घेण्याच्या अर्जाचा नमुना आणि भरपाईच्या हप्त्यांच्या तारखा लेखी द्याव्यात, म्हणजे पैसे जमा झाले का हे विचारायला त्याला प्रत्येक वेळी वकील शोधावा लागणार नाही.